समुद्रशैवाल : ताटात किती, अंगात किती?

सुशीभोवतीची नोरी, पुडिंग घट्ट करणारे चायना ग्रास आणि दुकानांतल्या केल्पच्या गोळ्या, अशा रूपांत समुद्रशैवाल आता आपल्याकडेही ओळखीचे झाले आहे. त्याचे गुण सांगताना बहुतेक जण त्यात काय काय आहे याची यादी देतात. त्यातले अंगी किती लागते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

गैरसमज : शैवालातले तंतू पचत नाहीत, म्हणजे ते वाया जातात.
वस्तुस्थिती : अगार, अल्जिनेट, पॉर्फिरन हे तंतू तोडणारी विकरे माणसाच्या शरीरात तयार होत नाहीत, हे खरे. म्हणून ते लहान आतड्यातून जवळपास तसेच पुढे सरकतात. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू मात्र त्यातल्या काही तंतूंवर जगतात आणि शरीराला उपयोगी पडणारी मेदाम्ले तयार करतात. २०१० मध्ये फ्रान्समधील रॉस्कॉफच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक विलक्षण निष्कर्ष मांडला. नोरीतले पॉर्फिरन तोडण्याची जनुके समुद्री जिवाणूंकडून जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंकडे आली होती. तुलनेसाठी तपासलेल्या उत्तर अमेरिकी लोकांत ती आढळली नाहीत. तेव्हा एकच शैवाल सगळ्यांच्या पोटात सारखे पचेल असे नाही.

गैरसमज : शैवालातली रंगद्रव्ये थेट रक्तात जातात.
वस्तुस्थिती : वाकामेसारख्या तपकिरी शैवालातले फ्युकोझँथिन आतड्यातच फ्युकोझँथिनॉलमध्ये बदलते आणि मुख्यतः त्याच रूपात शोषले जाते. ते मेदात विरघळणारे असल्याने जेवणात थोडे तेल असलेले बरे.

गैरसमज : आयोडीन जितके जास्त तितके थायरॉइडला चांगले.
वस्तुस्थिती : आयोडीन सहज शोषले जाते आणि जादा भाग बराचसा लघवीवाटे बाहेर पडतो. तरीही सतत अतिरेक झाला तर थायरॉइडचे काम बिघडू शकते. प्रौढाची रोजची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम असते. वाळलेल्या कोम्बूच्या (हा केल्पचाच एक प्रकार) एकाच ग्रॅममध्ये हजाराहून अधिक मायक्रोग्रॅम असू शकतात, तर नोरीत त्याहून कितीतरी कमी. कोम्बू उकळल्यावर आयोडीन पाण्यात उतरते, त्यामुळे ते पाणी प्यायल्यास आयोडीनही पोटात जाते.

गैरसमज : स्पिरुलिना घेतली की शाकाहाऱ्यांची बी-१२ ची चिंता मिटली.
वस्तुस्थिती : स्पिरुलिना हे समुद्रशैवाल नव्हेच, तो एक सायनोबॅक्टेरिया आहे. त्यातले बी-१२ बहुतांशी अशा रूपात असते, जे माणसाच्या शरीराला वापरता येत नाही.

हिजिकी या शैवालात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असल्याने ते न खाण्याचा सल्ला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने दिला आहे. म्हणून पाकिटावर नुसते ‘समुद्रशैवाल’ लिहिलेले पाहून समाधान मानू नका, नेमके कोणते ते वाचा. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय केल्पच्या गोळ्या सुरू करू नयेत.