ओळंबा, परांची आणि करारपत्र

बांधकामावर नव्याने आलेल्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी थापी येत नाही, घमेले येते. वाळू चाळणे, विटा पोहोचविणे, माल कालविणे, भिंतींवर पाणी मारणे ही बिगाऱ्याची कामे करीत असता तो मिस्त्रीच्या हातांकडे पाहत राहतो. काही महिन्यांनी मिस्त्री त्याला ओळंबा धरावयास सांगतो, गुण्या लावून कोपरा कसा तपासावा हे दाखवितो, एखादा थर लावू देतो. दोन-चार वर्षांत तो मुलगा गवंडी होतो. या शिक्षणाला शाळा नाही, परीक्षा नाही. तरीही ते खरे शिक्षण आहे, आणि पुस्तकी शिक्षण घेतलेल्यांनी त्याकडे तुच्छतेने पाहण्याचे काहीही कारण नाही.

तथापि या पद्धतीत दोन मोठ्या उणिवा आहेत. एक म्हणजे तिचा कोणताही कागद होत नाही. वीस वर्षे काम केलेला गवंडी दुसऱ्या शहरातील नाक्यावर उभा राहिला की पुन्हा अनोळखी मजूरच ठरतो. दुसरी उणीव अधिक जुनी आहे. मिस्त्री कोणाला शिकवील, हे नात्यावर, गावावर आणि जातीवर ठरते. बिगारी काम करणारी स्त्री आयुष्यभर डोक्यावर घमेले वाहते. तिच्या हाती थापी क्वचितच दिली जाते. व्यवसाय बदलण्याची मोकळीक जातिव्यवस्था देत नाही आणि म्हणून ती बेकारीलाही कारणीभूत ठरते, असा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात केला होता. कौशल्य जन्माने नव्हे, तर खुल्या प्रवेशाने मिळावे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. महायुद्धासाठी कुशल कामगार हवे होते, म्हणून सरकारने तंत्रप्रशिक्षणाची योजना चालविली. ती याच खात्याकडे होती. युद्ध संपत आले तेव्हा मोकळ्या होणाऱ्या सैनिकांना व कामगारांना रोजगार मिळावा यासाठी १९४५च्या जुलैमध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. आज आपण ज्यांना आयटीआय म्हणतो त्या संस्थांची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, ती याच यंत्रणेच्या पायावर. आयटीआयच्या दारातून आत जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हा इतिहास ठाऊक असावा, एवढ्याचसाठी तो येथे नोंदविला.

त्यापुढील टप्पा म्हणजे शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१. या कायद्याने मिस्त्रीच्या हाताखालील उमेदवारीला लेखी करार दिला. शिकाऊ उमेदवार आणि मालक यांच्यात करारपत्र होते, त्याची शासनाकडे नोंदणी होते, ठरावीक मुदतीत ठरावीक कौशल्य शिकविण्याची जबाबदारी मालकावर येते आणि उमेदवाराला विद्यावेतन मिळते. कायद्याच्या दृष्टीने तो ‘कामगार’ नसतो, ‘प्रशिक्षणार्थी’ असतो. या शब्दाचा काही ठिकाणी गैरफायदा घेतला जातो. ‘तू तर शिकाऊ, तुला कसली भरपाई?’ असे अपघातानंतर सांगितले जाते. ते सर्वस्वी चूक आहे. प्रशिक्षण घेताना इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाचीच, असे हा कायदा स्पष्ट सांगतो. धोकादायक उद्योगांत किमान वय १८ वर्षांचे आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूदही या कायद्यात १९७३ पासून आहे. तिचा उल्लेख मात्र आपल्या वस्त्यांत फारसा होत नाही.

३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. बांधकामात मात्र ही अट सहज निसटते. मोठा विकासक काम ठेकेदाराला देतो, ठेकेदार उपठेकेदाराला, तो मुकादमाला. आणि प्रत्यक्ष वीट लावणाऱ्याचे नाव अनेकदा कोणाच्याच हजेरीपटावर नसते. नाव नाही म्हणून करार नाही.

दरम्यान कामाचे स्वरूपच पालटत आहे. तयार काँक्रीट गाडीतून येते आणि पंपाने वर चढते. फळ्यांच्या सेंटरिंगऐवजी अॅल्युमिनियमचे साचे जोडले जातात. विटांची जागा हलके ठोकळे घेत आहेत. पंपाने जे घमेले काढून घेतले ते मुख्यतः स्त्रियांच्या डोक्यावर होते, आणि नव्या यंत्रावर त्यांना कोणी बसविले नाही. वीजतंत्री, तारतंत्री, नळकारागीर, संधाता यांची मागणी मात्र टिकून आहे. दहावीनंतर काय, असे विचारणाऱ्या मुलींना मी हे व्यवसाय आवर्जून सुचवितो. पालक हसतात, हसोत.

आता सुरक्षिततेविषयी थोडे विस्ताराने. बांधकामावरील मृत्यूंत उंचीवरून पडण्याचे कारण प्रमुख असते. सुरक्षापट्टा कमरेला बांधला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हा भ्रम आहे. पट्ट्याचा आकडा कोठे अडकविला, हे महत्त्वाचे. तो परांचीच्याच बांबूला अडकविला असेल तर परांची कोसळताना माणूस तिच्याबरोबर जातो. आकडा पक्क्या, स्वतंत्र आधाराला आणि शक्यतो डोक्याच्या वर असावा. दुसरा धोका खोदकामाचा. एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड ते दोन टन असते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके बाहेर असूनही श्वास घेऊ शकत नाही. म्हणून दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूंनी आधार देणे आवश्यक मानले आहे. तिसरा धोका घाईचा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. साचा दुसरीकडे लवकर हवा म्हणून टेकू आधीच निघतात, आणि खाली उभा असतो तो बिगारी.

२९ जून २०१९च्या रात्री पुण्यातील कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मृत्यू पावले. त्यांत लहान मुलेही होती. १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरील अवजड यंत्र कोसळले आणि २० जण गेले. मृतांत परराज्यांतून पोटासाठी आलेले अनेक होते. अशा घटनांना वृत्तपत्रे ‘दुर्दैवी’ म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हा शब्द पटत नाही. भिंत, यंत्र, टेकू यांची तपासणी करणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते.

कायदा मुळीच नव्हता असे नाही. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील मोहीम समितीने आणि कामगार संघटनांनी दीर्घकाळ झगडून १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा मिळविला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घ्यावा, त्यातून कामगारांचे कल्याण करावे आणि कामाच्या जागी सुरक्षेची व्यवस्था असावी, असे त्याचे स्वरूप आहे. उपकर जमला, पण तो कामगारापर्यंत पोहोचला नाही, म्हणून २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. हा कायदा आता २०२०च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला आहे. उपकराचे तत्त्व कायम आहे.

अपघाती मृत्यूच्या भरपाईचे सूत्रही साधे आहे: मासिक वेतनाचा अर्धा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. तीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणांक २०७.९८ आहे. १५,००० रुपये वेतन धरले तर रक्कम १५,५९,८५० रुपये होते. मुकादम दारात येऊन लाख-दोन लाख देऊ करतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतो, तेव्हा घरातील शिकलेल्या मुलाला हा गुणाकार यावयास हवा.

महाराष्ट्रातील कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार देत नसेल तर गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेचा वा नगरपरिषदेचा संबंधित अधिकारी देऊ शकतो. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन पाल्यांना आठवी ते दहावीसाठी वर्षाला ५,००० रुपयांचे शैक्षणिक साहाय्य मिळते. त्यासाठी ७५ टक्के उपस्थिती हवी. आपल्या वसतिगृहातील ज्या मुलांचे आईवडील नाक्यावर उभे राहतात, त्यांच्या उपस्थितीचा दाखला विद्यालयाच्या कार्यालयातून मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना तो बरोबर न्यावा.