काळ्या टी-शर्टवर बारीक अक्षरांची शेड का बिघडते?

दहीहंडी, गणपती किंवा कॉलेजचा फेस्ट जवळ आला की पालघर-बोईसरच्या ग्रुप्सवर टी-शर्टच्या डिझाइन्स फिरायला लागतात. काळा टी-शर्ट, मोठ्या अक्षरात मंडळाचं नाव आणि खाली बारीक अक्षरात ‘ता. जि. पालघर’, तेही वर केशरी आणि खाली विरत काळ्यात जाणारं. मोबाइलवर एकदम भारी दिसतं. शर्ट छापून येतात तेव्हा मंडळाचं नाव मस्त असतं, पण खालची ओळ म्हणजे नुसता डाग. वर्गणीतून साठ शर्ट काढले असतील तर साठही तसेच. मग प्रिंटवाल्याशी वाद सुरू होतो. चूक बहुतेक वेळा त्याची नसते, फाइलमध्येच असते.

मोबाइलच्या स्क्रीनवर एक पिक्सेल साधारण 0.06 मिलिमीटरचा असतो आणि प्रत्येक पिक्सेल आपापला उजेड कमी-जास्त करू शकतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तसं काही नाही. फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई एकतर खाली उतरते, नाहीतर अडते. ‘अर्धी केशरी’ शाई नसतेच. म्हणून शेड दाखवायला छोटे-मोठे ठिपके छापतात. यालाच हाफटोन म्हणतात. पेपरातला फोटो कॅमेऱ्याने झूम करून बघा, हेच दिसेल.

आता थोडं गणित. टी-शर्टवर इंचाला 45 ओळी ठिपके हे नेहमीचं माप. म्हणजे एका ठिपक्याची जागा झाली 0.56 मिलिमीटर. आणि 8 पॉइंटच्या साध्या अक्षराची रेघ? पाव मिलिमीटरच्या आसपास. ठिपक्याच्या घरात रेघच दोनदा मावते! मग शेड दिसणार कुठे? रेघ मध्येच तुटते आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

ठिपके बारीक केले तर? त्याला जाळीही बारीक लागते. अंदाज असा की ठिपक्यांच्या ओळींच्या चार-पाच पट धागे हवेत, म्हणजे 45 ओळींना 230 च्या आसपासची जाळी. पण बारीक जाळीतून शाई कमी उतरते, आणि काळं कापड झाकायला तर शाई जाड हवी. खरी कोंडी इथे आहे. म्हणून आधी पांढरा बेस मारतात, तो जरा सुकवतात आणि त्यावर रंग छापतात. बेस रंगाच्या कडेने बाहेर डोकावू नये म्हणून तो किंचित आत घेतात. पाव मिलिमीटरच्या रेघेत आत घ्यायला जागाच नसते.

देवनागरीत त्रास आणखी वाढतो. शिरोरेषा, मात्रा, उकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षर लहान पडतं. शाई थोडी पसरली की ष, क्ष, ख यांच्या पोकळ्या बुजतात.

शर्ट जर्सीसारखा पॉलिएस्टरचा असेल तर अजून एक भानगड. प्लास्टिसोल शाई पक्की व्हायला साधारण 160 अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेवढ्या तापमानाला कापडातला डाय वाफ होऊन शाईत शिरतो आणि मरून जर्सीवरचं पांढरं गुलाबी पडतं. तारापूर एमआयडीसीत डाय किंवा प्रोसेसिंगला असलेलं कोणी घरात असेल तर हे लगेच पटेल. अशा कापडासाठी ‘लो ब्लीड’ शाई मागा.

मग करायचं काय? शेड फक्त मोठ्या अक्षरांना द्या. बारीक ओळ एकाच रंगात, ठळक फॉन्टमध्ये ठेवा. जिथे काळं हवं तिथे काही छापूच नका, कापड काळंच आहे. आपल्या वारली चित्रात हेच असतं: गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं सपाट पांढरं, शेड नाहीच. त्यामुळे तारपा नाच काळ्या शर्टवर झकास उठतो.

शेड हवीच असेल आणि शर्ट थोडेच असतील तर डीटीएफ करा. ते फिल्मवर डिजिटल छापून हीट प्रेसने चिकटवतात. पण तिथेही पांढरा बेस असतोच, त्यामुळे विरत जाणारी कड दुधाळ दिसू शकते. आधी एक नमुना काढून घ्या.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा आणि अक्षरं कर्व्हमध्ये बदला, नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात. पाठवण्याआधी तीच ओळ खऱ्या मापात ए-फोर कागदावर प्रिंट काढा, भिंतीला लावा आणि दोन पावलं मागे जाऊन वाचा.