गढूळ पाण्याची खतावणी

बंगळुरूच्या बसवनगुडीतील ब्युगल रॉक हा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा. भोवती बाग आहे, शेजारी दोड्ड बसवण्णाचे देऊळ. शहराने हा दगड जपला. तेथून काही किलोमीटरवर, कोरमंगलात, केआयओसीएल अर्थात कुद्रेमुख लोहखनिज कंपनीचे मुख्यालय आहे. पश्चिम घाटातला डोंगर कंपनीने 2005 अखेर सोडला. त्या डोंगराचा हिशेब मात्र 2024 मध्ये केंद्र-राज्य संघर्षाचे रूप घेऊन पुन्हा उपस्थित झाला.

त्या वर्षीच्या जूनमध्ये केंद्रीय पोलादमंत्रिपद स्वीकारताच एच. डी. कुमारस्वामी यांनी संडूर तालुक्यातील कंपनीच्या देवदारी खाणीच्या फायलीवर सही केली. राज्याचे वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी वनजमीन कंपनीला देऊ नये, असे फर्मावले. कुद्रेमुखमधील जुन्या उल्लंघनांची देणी थकल्याचे कारण त्यांनी दिले. धर्मनिरपेक्ष जनता दल आणि काँग्रेस यांचे नाते पाहता दोघांच्याही हेतूंची फार खोल चौकशी करण्यात अर्थ नाही. परंतु उल्लंघने नेमकी किती, कोणती आणि कोणी मोजली, हे दोन्ही सरकारांना मान्य होईल अशा एका नोंदवहीत असते, तर मंत्र्यांच्या सहीला एवढे महत्त्व उरलेच नसते.

कंपनी 1976 ची. इराणच्या शहांच्या भांडवलावर योजना आखली गेली; क्रांतीनंतर ते भांडवल आटले, खाण मात्र उभी राहिली. खनिजाची लापशी 67 किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून मंगळुरूला जाई आणि टाकाऊ गाळ लक्या धरणामागे साचे. हे सारे भद्रेच्या उगमक्षेत्रात, धुवाधार पावसाच्या प्रदेशात. वाहिनी फुटल्याच्या, नदी गढूळ झाल्याच्या तक्रारी होत राहिल्या. त्यांची दखल प्रामुख्याने पर्यावरणवाद्यांच्या अर्जांतून न्यायालयात घेतली गेली. 30 ऑक्टोबर 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाण बंद करण्याचा आदेश दिला. मालक केंद्र सरकार, परवाना देणारे सरकार आणि तपासणारेही सरकारच, अशा व्यवस्थेत न्यायालयावाचून दुसरा तटस्थ मोजणीदार नव्हता.

आजचे नियमही पुरेसे नाहीत. 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीच्या अटींचा पालन अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. एक तारीख पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी पाऊस ओसरल्यावर! जुलैत ढिगारा घसरून ओढा लाल झाला, तर अहवालात तो डिसेंबरात उमटणार; तोवर भातखाचरात बसलेला गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या फावड्याने उपसलेला असतो. अपघात कमी करण्याची कामे काही गूढ नाहीत: ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत, भोवती चर, गाळ अडवणारे बंधारे, आणि ते मे महिन्यातच साफ केलेले. वाहिनीतील दाब अचानक उतरला, बंधारा काठोकाठ भरला, अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचीही नोंद हवी. ती ठेवणाऱ्या अभियंत्याला मात्र शिक्षेचे भय नसावे, अन्यथा वही कोरीच राहील.

बळ्ळारीत याचे अर्धे उदाहरण घडलेही. 2011 मधील खाणबंदीनंतर केंद्रीय उच्चाधिकार समितीने प्रत्येक पट्ट्याची मोजणी करून अ, ब, क अशी वर्गवारी केली. 2013 मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. क वर्गातील पट्टे रद्द झाले आणि उरलेल्यांना पुनर्वसन आराखडा बंधनकारक ठरला. देवदारीच्या करारात ओढ्यावर गढूळपणा मोजणारे यंत्र आणि पावसाळ्यातील रोजचे आकडे संडूरच्या ग्रामपंचायतींत लावण्याची अट घालायला ना दिल्लीची हरकत असावी, ना बंगळुरूची. 2024 च्या त्या वादात ही मागणी दोघांपैकी एकाही मंत्र्याने पुढे केली नाही.