परिमाणात्मक आरटी-पीसीआर : आरएनए मापनाचे तत्त्व आणि मर्यादा

प्रस्तावना

2020 च्या महासाथीत 'आरटी-पीसीआर' हा शब्द घरोघरी पोहोचला आणि अहवालावरील 'सीटी' या आकड्यावरून आजाराची तीव्रता ठरविण्याचा प्रघात पडला. वस्तुतः हा आकडा म्हणजे आरएनएची प्रत्यक्ष गणती नव्हे. तो कसा मिळतो व कोणत्या अटींवर विश्वसनीय ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मापनाचे तत्त्व

पीसीआरमध्ये वापरले जाणारे पॉलिमरेज हे विकर डीएनएच्या साच्यावरून प्रती तयार करते. त्यामुळे आरएनएचे मापन करताना प्रथम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराच्या साहाय्याने त्यापासून पूरक डीएनए बनवावा लागतो. या विकराचा शोध हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1970 मध्ये स्वतंत्रपणे लावला. पुढे पीसीआरच्या प्रत्येक चक्रात निवडलेल्या भागाच्या प्रती सुमारे दुप्पट होतात. प्रती वाढतात तशी प्रतिदीप्तिशील रंगद्रव्याची चमक वाढते व उपकरण ती प्रत्येक चक्रात नोंदविते.

अभिक्रियेच्या अखेरीस मात्र घटकद्रव्ये संपत आल्याने भिन्न नमुन्यांतील चमक जवळपास सारखीच दिसू शकते. म्हणून अंतिम चमक न मोजता, ती ठरावीक पातळी कितव्या चक्रात ओलांडते हे पाहिले जाते. तेच सीटी मूल्य होय. आरंभीचा आरएनए जितका अधिक, तितके हे मूल्य कमी. आदर्श स्थितीत सुमारे 3.32 चक्रांचा फरक म्हणजे आरएनएच्या प्रमाणात दहापट फरक.

विश्वसनीयतेच्या अटी

पहिली अट अभिक्रियेच्या कार्यक्षमतेची आहे. दर चक्राला दोन पटींऐवजी 1.9 पट वाढ झाली, तर 30 चक्रांनंतर प्रतींची संख्या अपेक्षेच्या जवळजवळ एकपंचमांश राहते. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवरून प्रमाणवक्र काढून ही कार्यक्षमता तपासावी लागते.

दुसरी अट संदर्भ जनुकाची. समजा, एखाद्या जनुकाचे सीटी मूल्य नियंत्रित रोपात 26 व ताणग्रस्त रोपात 22 आले. यावरून अभिव्यक्ती सोळापट वाढली असे वाटेल. परंतु स्थिर अभिव्यक्ती असलेल्या संदर्भ जनुकाचे मूल्यही 20 वरून 18 वर आले असेल, तर दुसऱ्या नमुन्यात मुळातच चौपट आरएनए घेतला गेला, असा त्याचा अर्थ होतो. खरी वाढ केवळ चौपट ठरते.

तिसरी अट अशी की, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता एक नियंत्रण अभिक्रिया करावी. अन्यथा नमुन्यात मिसळलेला डीएनए आरएनए म्हणून मोजला जाण्याचा संभव असतो.

समारोप

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्राने सीटी मूल्याची मर्यादा 24 पर्यंत खाली आणण्याविषयी विचारणा केली असता, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ती अमान्य करून 35 ही मर्यादा कायम ठेवली. मर्यादा खाली आणल्यास संसर्गक्षम रुग्ण निसटतील, असे तिचे म्हणणे होते. स्राव कसा घेतला, कसा साठविला आणि कोणता संच वापरला यांवरही हे मूल्य बदलते. सारांश, सीटी हे तुलनेचे साधन आहे. स्वयंपूर्ण निष्कर्ष नव्हे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना केवळ आकडा न पाहता त्यामागील नियंत्रणे पाहणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य ठरते.