भिंतीच्या पोटात

सध्या घरे सजवणाऱ्या मंडळींत एका शब्दाची फार चलती आहे : मिनिमलिझम. म्हणजे खोलीत सामान मोजकेच, रंग मातकट, पडदे सुती, उजेड मंद. एवढे करूनही खोली ओकीबोकी वाटता कामा नये, तिला ऊब हवी. सावेडीतल्या नव्या फ्लॅटांपर्यंत हे लोण आले आहे. ते पाहिले की मला आमच्याकडची माळवदाची घरे आठवतात.

नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा बराचसा कमी पावसाचा जिल्हा. अकोले तालुक्याचा डोंगरपट्टा सोडला तर उतरत्या कौलांची गरज कमीच. म्हणून दगडमातीच्या दीड-दीड हात रुंद भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराचे माप खणांत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण.

त्या घरांत सामान कमी दिसे ते गरिबीमुळे, हे खरेच. पण असलेले सामानही भिंतीच्या पोटात जाई. दिव्याला दिवळी, देवांना कोनाडा, लोणच्याच्या बरण्यांना फडताळ; काही घरांत ज्वारी साठवायला भिंतीतच बळद. कपडे वलणीवर, छत्री खुंटीला, गोधड्यांची चळत घडवंचीवर. मधली सारवलेली भुई सगळी मोकळी. तिथेच पंगत, तिथेच पोरांचा अभ्यास, रात्री तिथेच अंथरुणे.

१९८५च्या सुमारास पारनेर तालुक्यातल्या एका गावात आमच्या बँकेची शाखाही अशाच भाड्याच्या घरात होती. व्हाउचरांचे गठ्ठे कोनाड्यात, शिक्के दिवळीत आणि शेतकरी ओसरीवर घोंगडी टाकून निवांत बसलेले. पुढे नवी इमारत झाली, काउंटरला काच आली, आणि तीच माणसे दारात चपला काढून आत यायला बिचकू लागली.

उगाच गोडवे गात नाही. दरसाल मृगाआधी माळवदावर माती टाकायची, झड लागली की गळतीखाली पातेली मांडायची. विंचू तर घरचाच. शिवाय ती मोकळी भुई बायकांच्या कंबरेवर तोललेली होती. सारवण पुरुषाने केलेले मी पाहिलेले नाही. आणि तारणाच्या मूल्यांकनात या भिंती शून्य. किंमत धरली जाई ती जागेची.

पण खरा प्रश्न सावेडीचा नाहीच, तो घरकुलाचा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले. म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांत नवरा-बायको, मुले, म्हातारी आणि तिची ट्रंक. बळद गेले, पत्र्याची कोठी आली. फडताळ गेले, लोखंडी कपाट आले. घडवंची गेली, दिवाण आला. माणसे अंग चोरून आडवी चालू लागली. वैशाखात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आग ओततो, ते निराळेच.

केरळात लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी स्वस्त घरे उभारताना बसायचे कट्टे आणि फळ्यासुद्धा बांधकामातच घेतल्या. आमच्या गावच्या जुन्या गवंड्यांना यात नवल वाटले नसते. आजच्या एका गवंड्याला मी कोनाड्याचे विचारले, तर तो म्हणाला, “साहेब, ४ इंची भिंतीत कोनाडा काढला तर हात पलीकडच्या खोलीत निघेल.” बरोबर आहे त्याचे. मात्र बाहेरची भिंत ९ इंचांची असेल तर तिच्यात ४ इंच खोल कोनाडा निघतो. फक्त ते वीट चढतानाच सांगावे लागते. कोपऱ्यात कडप्प्याच्या तीन फळ्या प्लॅस्टरआधी बसवल्या तर एक कपाट वाचते. उन्हाळ्याआधी स्लॅबला चुन्याचा पांढरा हात दिला तर तो तापतो कमी. आणि खाली शहाबादी फरशी टाकावी. ती पुसायला घरातल्या कुणालाही जमते, पुरुषालासुद्धा.