गादी नव्हे, आधी बाज!

मोटार घेणारा गृहस्थ पहिल्यांदा इंजिनाची चौकशी करतो, मग रंगाची. आणि सौभाग्यवती बरोबर असतील तर बैठकीच्या कापडाची. गाडीच्या पोटाखाली वाकून पाहणारे गिऱ्हाईक विरळाच! पण भरधाव जाताना एखादी सायकल आडवी आली, तर त्या क्षणी उपयोगी पडतो तो गाडीचा सांगाडा आणि चाकांवरच्या स्प्रिंगा. इंजिनाची रग तेव्हा काही कामाची नसते.

अमेरिकेला हा धडा साठ वर्षांपूर्वीच मिळाला. १९६४ साली पाँटियाक कंपनीने मध्यम आकाराच्या मोटारीत ६.४ लिटरचे दांडगे इंजिन बसवून 'जी.टी.ओ.' काढली, आणि 'मसल कार' म्हणजे पैलवानी मोटारींचे दिवस सुरू झाले. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली. तिचा पाया मात्र 'फाल्कन' या काटकसरी घरगुती मोटारीचा. म्हणजे रग पैलवानाची आणि हाडे कारकुनाची! कॅरोल शेल्बी या शर्यतबहाद्दराने १९६५ साली मस्टँगची 'जी.टी. ३५०' ही आवृत्ती तयार केली. तिचे इंजिन त्याने २७१ अश्वशक्तीवरून ३०६ वर नेलेच. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. इंजिनाच्या कप्प्यात आडवी दांडी घालून दोन्ही बाजू एकमेकींना जखडल्या, पुढच्या चाकांचे वरचे हात इंचभर खाली घेतले आणि शॉकॲब्सॉर्बर उत्तम प्रतीचे बसवले.

आपल्याकडची पैलवानी चेहऱ्याची मोटार म्हणजे कॉन्टेसा. विलायतेतल्या व्हॉक्सहॉल मोटारीच्या साच्यावरून हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ साली काढली आणि २००२ पर्यंत चालवली. नाक लांब, खांदे रुंद. पण सुरुवातीला आत इंजिन होते अँबॅसडरचेच, दीड लिटरचे! १.८ लिटरचे इसुझू इंजिन आले, तेव्हा कुठे तिच्या अंगात बळ आले.

अशी एक इसुझूवाली कॉन्टेसा आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून आहे. अलीकडे ती वळणावर डुलू लागली होती. खड्ड्यातून गेली की मागचे दार करकरे. "होडीत बसल्यासारखं वाटतं रे," आई म्हणे. एक मित्र म्हणाले, "कडक स्प्रिंगा टाका." दुसरे म्हणाले, "मोठे इंजिन टाका." तिसरे भंगारवाल्याचा पत्ताच घेऊन आले! माझा प्रश्न शौकाचा नव्हता. वर्षातून तीन-चार वेळा याच गाडीतून आईला सोलापूरला न्यायचे असते.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की उरुळी कांचन ओलांडल्यावर यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. दौंड तालुक्यातला हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्त्याने रांगत असतात. ओझ्याखाली कोणाचे पाटे तुटतात, कोणाची चॅसिस वाकते. ती सांधण्यात हात मुरलेल्या इथल्या एका मिस्त्रींकडे मी गाडी नेली. कडक स्प्रिंगांचा विषय काढताच ते हसले.

"साहेब, बाजेची चौकट ढिली आसंल, तर गादी बदलून काय उपेग? आधी बाज बघू."

त्यांनी पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावून गाडी उचलली आणि मला दार उघडून पुन्हा लावायला सांगितले. दार खाली घासले. एक कोपरा उचलताच गाडीचे अंग पिळवटत होते! अशा मोटारीला ट्रकसारखी निराळी चॅसिस नसते. दाराखालून जाणाऱ्या पत्र्याच्या दोन लांबट, बंद पेट्या तिचा बराचसा भार पेलतात. त्या आतून गंजल्या होत्या.

बंद पेटीचे बळ पाहायचे असेल, तर दिवाळीच्या मिठाईचे रिकामे खोके घ्या. झाकण काढून पिळा. सहज पिळले जाते. आता झाकण लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, पण खोके दाद देणार नाही. पेटीची एक बाजू गंजून उघडी पडली, की तिचे झाकण निघाले म्हणून समजा.

मिस्त्रींनी बॅटरीची तार सोडली, गाडी सपाट ठोकळ्यांवर सारखी टेकवली आणि गंजका पत्रा कापून मूळ जाडीचाच पत्रा जोडला. वेल्डिंगही सलग नाही. थोडे इथे, थोडे तिथे, म्हणजे तापून पत्रा वाकत नाही. मग चाकांच्या हातांतले चिरलेले रबरी बुश, चारही शॉकॲब्सॉर्बर आणि मूळ मापाच्याच नव्या स्प्रिंगा. शेवटी चाकांची अलाइनमेंट.

"जरा जाड तारेच्या स्प्रिंगा का नकोत?" मी विचारले.

"ट्रॉलीला जादा पाटा घातला, तर वझं सोसतं, पण रिकामी ट्रॉली उडती. उडालेलं चाक ब्रेक ऐकत न्हाई, साहेब!"

हिशेबही त्यांच्याच बाजूचा आहे. बाकी मापे तीच ठेवून स्प्रिंगेची तार १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटरची घेतली, तर कडकपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरचा हा प्रताप!

मोठ्या इंजिनाचा बेत कायद्यानेच निकालात काढला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनमानी फेरफारांना आळा घालते. कंपनीच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावले. दुरुस्ती निराळी आणि बदल निराळा. इंजिन बदलायचे किंवा सांगाड्याला काही नवे जोडायचे, तर आधी आर.टी.ओ.ची पायरी चढलेली बरी.

काम झाल्यावर यवतहून भुलेश्वरच्या चढणीला गाडी घातली. इंजिन जुनेच, वेगही बेताचाच. पण वळणावर गाडी रेघ धरून चालली. खड्डा आला तो चाकाने सोसला, दारापर्यंत पोचू दिला नाही. मागे बसलेली आई चक्क पेंगत होती! याहून मोठे प्रशस्तिपत्रक कोणते?

वाचकहो, आपली मोटार कोणतीही असो, फराळ झाल्यावर दहा मिनिटे तिच्यासाठी काढा. एकेक कोपरा दाबून सोडा; गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, झोके घेत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर थकले. टायर एकाच कडेला झिजला असेल, तर अलाइनमेंट आणि बुश तपासून घ्या. दाराच्या फटी वरखाली सारख्या आहेत का पाहा, आणि दाराखालचा पत्रा बोटाने ठोकून बघा. आवाज बसका आला, तर गंज आत शिरला असेल. मग नव्या सीट-कव्हरांचे पैसे यंदा मिस्त्रींच्या हातावर ठेवा. घरची माणसे निर्धास्त बसतील.