हातमोज्यातला उजेड

पावसाळ्यात वर्धा नदी फुगली की राजुरा-बल्लारपूर रस्त्यावरची वाहतूक थांबते आणि राजुऱ्यासाठी चंद्रपूर दूर जातं. लकवा मारलेल्या माणसाला ही वाट एरवीही लांबचीच. सोबत मुलगा हवा, म्हणजे त्याचीही मजुरी बुडते. मग दवाखान्यात शिकवलेला व्यायाम घरीच करायचा. पण बोट कालच्यापेक्षा जास्त वळलं का, हे सांगणारं घरी कुणी नसतं, आणि व्यायाम हळूहळू सुटतो.

हा आजार इथे किती खोल रुजला आहे, हे शेजारच्या गडचिरोलीत मोजलं गेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. सातातला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. कारणांच्या यादीत तोच पहिला होता. वाचलेल्यांपैकी अनेकांचा एक हात मुठीत आवळून राहतो. ती मूठ मिटण्यापेक्षा उघडणं कठीण.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये जाहीर केलेला हातमोजा नेमका इथे उपयोगी पडू शकतो. रुग्णाच्या हाताचं माप घेऊन तो थ्रीडी प्रिंटरच्या मदतीने बनवतात. मऊ, पारदर्शक पदार्थाच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश टिपणारा सेन्सर. बोट वाकलं की आतून जाणारा प्रकाश बदलतो, आणि त्या बदलावरून बोट किती वळलं ते कळतं. हे आकडे दूर बसलेल्या डॉक्टरांनाही पाहता येतात. तेव्हा सांगितलेली अंदाजे किंमत हजार रुपयांच्या आत होती. दहा महिन्यांच्या चाचणीत त्याची अचूकता कमी झाली नव्हती.

वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांचा 'प्लूटो' वेगळ्या जातीचा. तो अंगात घालायचा नाही. टेबलावरचा छोटा रोबोट मोटरच्या बळावर हाताला व्यायाम देतो. ज्याचं बोट जराही हलत नाही, त्याला अशी मदत लागते. थोडी हालचाल परतलेल्याला मोजणारा मोजाही पुष्कळ. मात्र ते आकडे रोज पाहणारा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या रुग्णालयात हवा. तो नसेल, तर हजार रुपयेही वायाच जातील.

हात पुन्हा कामाला लागणं म्हणजे काय, हे चंद्रपूर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांनी माळरानावर शेती उभी केली. राजुऱ्यात मोज्याची खरी परीक्षा कपाशीत होईल. बोंडातून कापूस ओढायला अंगठा आणि दोन बोटं एकत्र यावी लागतात, आणि पुढच्या बोंडाकडे जाताना ती तितक्याच सहज सुटावी लागतात. व्यायामाचं उद्दिष्ट ठरवताना ही चिमूट आधी घ्यावी. बोट किती अंश वळलं, यापेक्षा यंदाच्या वेचणीला ओटी बांधून जाता येईल का, हेच घरचे विचारणार आहेत.